कौसाच्या मानेवरचा डाग

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. तिच्यापासून माझं काही लपायचं नाही, बाहेर चोरून खाल्लेली भजीसुद्धा ती माझ्या तोंडावरून ओळखायची. हे मात्र तिला कधी ओळखता आलं नाही. आता ती नाही. तुमची माझी ओळख नाही, म्हणूनच कदाचित जीभ उचलते आहे. उचलते आहे खरी, पण नजर सारखी दाराकडे जाते आहे. ज्यांना भ्यायचो ती माणसं केव्हाच मातीआड गेली. मग आता भीती कुणाची? मलाही कळत नाही, पण वाटते.

मी मुळातच भित्रा. लोक सापाला भितात, मी वळचणीच्या दोरीला भ्यायचो. असल्या माणसानं फोटोचं दुकान काढावं, आणि तेही निजामाच्या राज्यात, वसमतमध्ये! फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं म्हणणारी माणसं तेव्हा गावात निम्मी तरी होती. माझ्याआधी एक फिरता फोटोवाला आला होता. त्यानं एका म्हाताऱ्याचा फोटो काढला, म्हातारा लगेच तापानं गेला, आणि लोकांनी त्याचा कॅमेरा विहिरीत टाकला. ही गोष्ट मला खोली देताना घरमालकानं हसत हसत सांगितली. मीही हसलो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

खोली पत्र्याची होती, मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या मागे. उत्तरेकडचे पत्रे काढून मी तिथे काचा बसवल्या आणि खाली पांढरं मांजरपाट ताणलं, म्हणजे उजेड गाळून येतो. दुसऱ्या अंगाला चौकटीवर धुतलेलं धोतर लावलं, सावलीतल्या गालावर थोडा उजेड परतवायला. उजेड एका बाजूनं आला की चेहरा उभा राहतो, समोरून आला की भाकरीसारखा सपाट होतो. हे मला हैदराबादच्या माझ्या उस्तादांनी शिकवलं होतं. थकल्यावर त्यांनी आपलं भिंगही मलाच दिलं. पितळी नळीचं, जड, खास माणसांच्या फोटोसाठी घडवलेलं. डोळ्याची पापणी न् पापणी त्यात स्पष्ट यायची आणि मागचा पडदा मऊ होऊन जायचा. माझ्याजवळ अभिमान वाटावं असं तेवढंच होतं. ते विहिरीत गेलं तर — हा विचार माझ्या डोक्यातून एक दिवस गेला नाही.

जर्मनच्या दुसऱ्या लढाईचे दिवस होते तेव्हा कुरुंद्याचे मारोतराव छकड्यातून लेकीला घेऊन आले. हळदीची शेती, घर खाऊनपिऊन सुखी. कौसाला हैदराबादला नोकरीला असलेल्या मुलाचं स्थळ आलं होतं आणि मुलानं आधी फोटो मागवला होता. नवीनच खूळ! मारोतराव घाबरलेले, मी घाबरलेलो, पोरगी तेवढी मजेत. मी काळ्या कापडाखाली शिरलो तर म्हणते, "मास्तर, तुमी बुरख्यात काहून शिरून राहिले? लाज वाटती काय?" मारोतराव दटावत होते आणि ती हसत होती. मी तिचा चेहरा थोडा उजेडाकडे वळवला. कानाखालची मान उजळली. सावळी, नितळ मान. हा शब्द लक्षात ठेवा. नितळ.

काच, म्हणजे तेव्हाची निगेटिव्ह, उत्तम उतरली. चूक झाली ती कागदावर छापताना. आमच्या अंधारखोलीत दोन थाळ्या असायच्या. पहिलीतल्या पाण्यात कागदावर चित्र उमटतं, दुसरीतल्या हायपोत ते पक्कं होतं. हायपोचं बोट कोऱ्या कागदाला लागलं की तिथे चित्र उमटतच नाही, पांढरा ठिपका राहतो. नवशिक्याला पहिला मार पडतो तो याच चुकीसाठी. मारोतरावांचा गडी बाहेर खोळंबला होता, मी घाईत होतो. कागद वाळल्यावर पाहिलं तर कौसाच्या मानेवर, कानाच्या खाली, पांढरा ठिपका. पुन्हा छापायला हवं होतं. पण लढाईमुळे कागद मिळत नव्हता. शाई लावून झाकता आलं असतं, पण गडी हाका मारत होता. वाटलं, कानातल्याची चमक समजतील. दिला फोटो.

तुम्ही म्हणाल, एवढंच? एवढंच असतं तर मी कधीच सांगून मोकळा झालो असतो.

स्थळाकडून निरोप आला की मुलीला कोड आहे, आम्हाला फसवता काय? आणि असला निरोप गुपचूप येतो थोडाच? आमच्याकडे कोडाचं नाव निघालं की ती एक पोरगीच नव्हे, सगळं घर बाटतं. तिच्या पाठच्या बहिणीचीही सोयरीक अडते. मारोतराव दुकानात आले ते दोघा भावांना घेऊन. भावांच्या हातात काठ्या होत्या. काठ्या असतातच, शेतकरी माणसं — पण मला त्या काठ्यांशिवाय दुसरं काही दिसेना. फोटो त्यांनी माझ्यापुढे धरला.

"मास्तर, खरं बोला. हे तुमच्या कागदात हाय का माझ्या लेकरात? आमी तिला उन्हात उभी करून बघितलं. काहीच न्हाई."

काच मागच्या फडताळात होती. साफ काच. ती उजेडात धरून 'माझं बोट लागलं, पाया पडतो' एवढं म्हटलं असतं तर ते मला मारते का? आज वाटतं, मारोतराव रडले असते आणि मला मिठी मारली असती. पण त्या क्षणी माझ्या पाचावर धारण बसली होती. मला विहीर दिसत होती. आणि माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते मी आधी योजलेलं नव्हतं, देवाशप्पथ. नाही, शपथ कशाला? बाहेर पडलं एवढं खरं.

मी म्हणालो, "मामा, डोळ्याला अजून दिसत नसेल. हे भिंग विलायती आहे. कातडीच्या आतलं त्याला आधी दिसतं."

काठ्या खाली टेकल्या. मारोतराव मटकन बाकावर बसले. माझ्यावर विश्वास ठेवला त्यांनी! मला काय वाटलं सांगू? सुटलो असं वाटलं. ते गेल्यावर मी ती काच गरम पाण्यात घालून खरवडून टाकली.

काही महिन्यांनी कौसा परत आली, आईला घेऊन. मान पदरानं गच्च गुंडाळलेली. तिनं घरचं उटणं, वैद्याचा लेप, नागनाथाला अभिषेक, सगळं केलं होतं. रोज सकाळी उठून आरशात मान बघते, असं आई म्हणाली. कौसा काही बोलत नव्हती. मी कापडाखाली शिरलो तेव्हाही नाही. फक्त शेवटी म्हणाली, "आता गेलं आसंल का हो मास्तर? नीट बघा."

देवानं माणसाला दुसरी संधी द्यावी म्हणजे किती द्यावी? साफ फोटो हातात द्यायचा, 'गेलं बाई' म्हणायचं, संपलं. माझं खोटंही झाकलं गेलं असतं. सोपं होतं ना? पण भित्र्या माणसाचं डोकं भलतीकडे चालतं. मला वाटलं, हे लोक दोन्ही फोटो शेजारी ठेवतील. औषधानं डाग जातो कुठे, असं कुणी जाणतं माणूस विचारील. दोघेतिघे मिळून येतील. पुन्हा त्या काठ्या.

मी अंधारखोलीत गेलो. लाल कंदिलाच्या उजेडात कोरा कागद समोर होता.

सांगतो. थांबा म्हणू नका मला, सांगतो.

मी बोट हायपोत बुडवलं आणि काचेवरून जागा बघून, नीट बघून, कागदावर टेकवलं. पहिला डाग चुकून पडला होता. दुसरा मी लावला. तो जरा मोठा पडला. वाळलेला फोटो घेऊन मी बाहेर आलो आणि त्या पोरीला म्हणालो, "वाढतोय."

ती रडली नाही. तिनं फोटो उलटा करून आईच्या हातात दिला आणि पदर वर ओढला.

पुढे तिला औंढ्याकडच्या एका बिजवराला दिली, डागाचं सांगूनच. मी ऐकलं, कात्रीनं कागदाच्या कडा कापत राहिलो.

शेवटचं एक आहे. निजामी संपली त्याच वर्षीची, पण ती संपायच्या आधीची शिवरात्र. रझाकारांच्या भीतीनं गावोगाव माणसं जीव मुठीत धरून होती, औंढ्याची यात्रा पातळ होती, तरी पोटासाठी मी तिथे राहुटी टाकली होती. दुपारी एक बाई आत आली. कडेवर लहान मुलगी. बाईची मान पदरानं झाकलेली होती, त्यावरून मी ओळखलं. माझं धाबं दणाणलं. वाटलं, कळलं हिला. नवरा बाहेर उभा असेल.

तिनं मुलीला खुर्चीवर बसवलं. हळूच म्हणाली, "मास्तर, फोटो नगं. तुमच्या भिंगातून नुसतं बघा. माझं हिच्यात आलंय का?"

त्या वेळी तिचा पदर सरकला होता. उघड्या दारातून ऊन तिच्या मानेवर पडलं होतं. कानाखाली, जिथे मी बोट टेकवलं होतं तिथे काही नव्हतं. एक तीळसुद्धा नव्हता. मी बघतोय हे पाहून तिनं लाजून मान झाकली.

मी काळ्या कापडाखाली शिरलो. बाहेर यायला मला वेळ लागला. आल्यावर म्हणालो, "लेकराला काही नाही."

तिच्याबद्दल मी बोललो नाही. तिनं विचारलंही नाही. ती आता रडत होती, आनंदानं. लेकराला उचलून घेतलं, त्याचे मुके घेतले, आणि मग वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

मी पाय मागे घेतले नाहीत.