मिरचीच्या नाकाचा शेठ

बाईंच्या हाती काहीही द्या, त्या आधी त्यात हात घालायच्या. फाटकं पोतं, रिकामी पिशवी, कुणाचा तरी एकटा राहिलेला मोजा. मग पाच बोटांचं तोंड करून ते तुमच्यासमोर उघडमीट करायच्या आणि विचारायच्या, “दखा शेठ, हाऊ काय म्हनस?” हा काय म्हणतोय बघा.

पोतं काय म्हणणार? मी बारदानाचा व्यापारी. नंदुरबारात जुनी पोती घेतो, झटकतो, दाभणाने शिवतो आणि विकतो. तरुणपणी मार्केट यार्डात हीच पोती पाठीवर वाहिली, पुढे त्यांचाच मालक झालो. इतक्या वर्षांत एकही पोतं माझ्याशी बोललं नव्हतं. बोललं असतं तर मी त्यालाही भाव सांगितला असता.

या बाईंवर माझा एक राग आहे. त्यांच्याबद्दल जो तो कौतुकानेच बोलतो. कौतुक मीही करीन, पण राग बाजूला ठेवून नाही. तुम्ही दोन्ही ऐका आणि मग ठरवा.

बाई मूळच्या लोणखेड्याच्या. रनाळ्याच्या रस्त्यावरच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग त्यांच्याकडे होता. पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा स्कूटर दारातच लावली, हमालांची वाट अडवून.

“शेठ, फाटकी पोती शेत का?” आहेत का, असं विचारत होत्या.

“पोती शेत. फाटकी नहीत. फाटकी मी शिवस.”

“माले फाटकीच पायजेत.”

गिऱ्हाईक फाटका माल मागतं तेव्हा व्यापाऱ्याने सावध व्हावं. मी चांगल्या पोत्याचा भाव सांगितला. बाईंनी थप्पीवरचं एक पोतं उचललं, भोकातून हात बाहेर काढला, बोटांचं तोंड केलं आणि ते पोतं माझ्याकडे बघून किनऱ्या आवाजात म्हणालं, “शेठ, मन्ही पाठ फाटेल शे. माले नवाना भाव नका लावू.”

माझे हमाल पोट धरून हसले. माझ्या पगारावरचे हमाल! माझं डोकं तापलं. हाताला लागली ती थप्पी उचलून मी त्यांच्या स्कूटरवर आदळली आणि म्हणालो, “घी जा बठ्ठी. पन परत येऊ नका.”

त्या थप्पीत मिरचीची पोती होती. मुद्दाम घातली नव्हती. हे मी गावभर सांगितलं आहे, कुणी मानत नाही. आमच्या मिरचीच्या मुलखात पोतं हातात आलं की आधी माणूस ते हुंगतो. शेंबडं पोरही हुंगतं. पण बाई पडल्या केळी-उसाच्या भागातल्या. त्यांनी हुंगलं नाही, थेट वर्गात नेलं, कापलं आणि पोरांना बाहुल्या करायला वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांची स्कूटर दारात दिसली तेव्हा मी भांडायच्या तयारीने उभा राहिलो. बाईंचे डोळे लाल, नाक लाल, आणि चेहरा लग्नघरातल्यासारखा आनंदी.

“शेठ, आमच्या बाहुल्या बोलायच्या आधी शिंकल्या. सगळा वर्ग शिंकला. मुख्याध्यापक बघायला आले, तेही शिंकले. पोरांनी पहिली गोष्ट त्याचीच लिहिली, शिंकणाऱ्या राजाची. तो शिंकला की मुकुट उडतो आणि ज्याच्या डोक्यावर पडेल तो राजा. अजून आहेत का तसली पोती?”

भांडायला आलेल्या माणसाला कसं परतवायचं ते मला येतं. आभार मानायला आलेल्याचं काय करायचं ते येत नव्हतं. मी पोती दिली. धुऊन घ्या, असंही सांगितलं.

मग त्या महिन्यातून एखादी फेरी मारू लागल्या आणि त्यांची पद्धत हळूहळू माझ्या कानावर आली. प्रत्येक पोराने स्वतःची बाहुली स्वतः शिवायची. पोत्याच्या तुकड्याचं अंग, सुतळीचे केस, गुंड्यांचे डोळे. शिवून झाली की ती काय बोलते ते ऐकायचं. आणि बोलली तेवढंच वहीत लिहायचं. एकाच्या बाहुलीच्या तोंडी दुसऱ्याने शब्द घालायचे नाहीत, बाईंनीसुद्धा नाही.

आमची पोरं तुम्ही पाहिली असतील. अंगणात गलका, वर्गात चिडीचूप. घरात अहिराणी, कुणाकडे भिली, आणि शाळेत उभं राहून ‘माझा आवडता प्राणी’ सांगायचा मराठीत. पोर खाली बघून चपलेशी बोलतं. पण बाहुलीला शाळेची भाषा लागू नव्हती. बाहुलीने अहिराणीत शिवी दिली तरी बाई एवढंच म्हणायच्या, “बरं, मग पुढे काय झालं?” ज्यांच्या तोंडातून वर्षभर शब्द निघाला नव्हता, त्यांच्या वह्या पुरेनाशा झाल्या.

इथपर्यंत ठीक होतं. पोरं लिहोत, मला काय! पण त्या वर्गात जयू नावाची मुलगी होती आणि तिचे आप्पा माझे गिऱ्हाईक होते.

एकदा आप्पा मिरचीसाठी पोती घ्यायला आले, सोबत जयू. मी भाव सांगितला. आप्पा गप्प. मी म्हणालो, “का आप्पा, परवडत नही का?” आप्पा गप्प. मला राग आला. मी मालाची तारीफ केली, बाजाराला शिव्या घातल्या, आप्पांच्या गावालाही एक घातली, आणि त्या भरात थोडा खाली आलो. आप्पा गप्पच. मी आणखी चिडलो, आणखी खाली आलो. असं करत मी तळाला पोचलो तेव्हा आप्पांनी मान हलवली, दाराबाहेर जाऊन लांब पिचकारी टाकली आणि म्हणाले, “तंबाखूना बार होता तोंडमा. थुकाले जागा नव्हती.”

आप्पांना काही कळलं नव्हतं. पोत्यांच्या ढिगावर बसलेल्या जयूला सगळं कळलं होतं.

शाळेच्या मेळाव्याला आसपासच्या गावचे लोक जमले आणि जयूची बाहुली पडद्यामागून वर आली. पोट पोत्याने ठासून भरलेलं, सुतळीच्या मिशा, आणि नाकाच्या जागी वाळलेली लाल मिरची. नाव शेठ. समोर दुसऱ्या बाहुलीचा शेतकरी, तोंडावर पट्टी बांधलेला. शेठ भाव सांगतो, शेतकरी गप्प. शेठ चिडतो आणि भाव उतरवतो. शेतकरी गप्प. शेवटी शेठ पोती देतो, टोपी देतो, तराजू देतो आणि स्वतः एका पोत्यात बसून म्हणतो, “आते माले बी घी जा, पन काही तरी बोल!”

म्हणे लोक खुर्च्यांवरून पडले. मी तिथे नव्हतो. मला कळलं ते मिरचीचा हंगाम लागला तेव्हा. माझ्या दुकानात मौनव्रत सुरू झालं. ज्यांच्या गप्पांनी बसमध्ये शेजारच्याला डोळा लागत नाही, अशी माणसं माझ्यासमोर येऊन मुकी उभी राहू लागली. भाव सांगितला की नुसते माझ्या नाकाकडे बघायचे. मला सगळं समजत होतं, तरी राग आवरेना, आणि रागाबरोबर भाव खाली घसरायचा तो थांबेना. शून्यातून उभा केलेला धंदा एका चौथीतल्या पोरीने एका बाहुलीने हलवला.

मी तडक शाळेत गेलो. बाई सतरंजीवर पोरांत बसून सुईत दोरा ओवत होत्या.

“बाई, ती गोष्ट पुसून टाका!”

“गोष्ट माझी नाही शेठ, जयूची आहे. तिला विचारा.”

मी जयूकडे वळलो. ती शांतपणे म्हणाली, “मी नही बोलनी. बाहुलीच बोलनी.”

“ऐकलंत?” बाई म्हणाल्या. “आमच्याकडे पुसायची पद्धत नाही. उत्तर द्यायचं असेल तर बाहुली करा.”

मी बारदानवाला, दाभण धरण्यात माझा जन्म गेला. म्हटलं, दाखवतोच. मी सतरंजीवर बसकण मारली आणि बाईंचीच बाहुली केली. युरियाच्या गोणीची चकचकीत साडी, तारेचा चष्मा, आणि तोंड मुद्दाम मोठं कापलं. पोरं भोवती गोळा झाली. जयूने मिरचीच्या नाकाचा शेठ हातात चढवला. माझा बेत पक्का होता. बाईंची बाहुली भाव करायला येणार, भोळसटासारखी बडबडणार आणि शेठ तिला व्यवस्थित लुटणार.

“वो शेठ,” मी बारीक आवाज काढला, “फाटकी पोती कितलामा देशात?” कितीला देणार, म्हणून.

जयूचा शेठ गप्प.

“फाटकी शेत म्हनीसन विचारी ऱ्हायनू.”

“विचारी ऱ्हायनी!” एक पोर ओरडलं. “बाई शेत त्या!”

“विचारी ऱ्हायनी,” मी दुरुस्त केलं. शेठ गप्प. मिरची माझ्याकडे रोखलेली.

“बरं, चांगल्या पोत्याचा भाव देते.”

गप्प.

“अरे, बोल ना! दीडपट देते! दुप्पट घे! स्कूटर घे मन्ही!”

सगळा वर्ग सतरंजीवर लोळत होता. घेणारा मी आणि भाव वर चढवणाराही मीच. उभ्या आयुष्यात असा सौदा मी केला नव्हता. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. माझा हात अजून हवेत होता, आणि त्या हातावरची बाईंची बाहुली चष्म्यासकट तोंड वासून उभी होती. ते बघून मलाच फस्सकन हसू फुटलं.

“आता लिहून काढा,” बाई म्हणाल्या.

“काय?”

“बाहुली जे बोलली ते.”

शाळा सोडल्यापासून मी सही आणि हिशेब सोडून काही लिहिलं नव्हतं. जयूने वहीचा कागद फाडून दिला आणि शेजारी बसून माझं अक्षर तपासत राहिली. बाईंनी तो कागद पोरांच्या गोष्टींच्या रांगेत सुतळीवर लटकवला. खाली माझं नाव आणि ‘इयत्ता चौथी’. ते खोटं नव्हतं. मी तिथवरच शिकलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुकानात पहिलं गिऱ्हाईक येऊन मुकं उभं राहिलं. माझं डोकं तापायला लागलं. मग मी शेजारचं पोतं उचललं, त्यात हात घातला आणि तोंड उघडमीट करून म्हणालो, “दख रे, हाऊ काय म्हनस?” गिऱ्हाईक हसलं. हसलं की तोंड उघडतं, आणि तोंड उघडलं की माणूस भाव बोलतो. भाव बोलला की तो माझ्या मैदानात आला. त्या हंगामात मी पुन्हा उभा राहिलो.

मग बाईंची बदली झाली, मोलगीच्या पुढे, डोंगरातल्या एका शाळेत. जायच्या दिवशी दुकानात आल्या. जीप बाहेर उभी होती.

“किती न्यायची?” मी विचारलं.

त्यांनी बोट दाखवलं. अख्ख्या थप्पीवर. मी भाव सांगितला, थोडा चढाच, कारण कुणाला निरोप द्यायचा म्हटलं की मला राग येतो. बाई काही बोलल्या नाहीत.

“डोंगरात कोण पोती देणार तुम्हाला?” मी म्हणालो. त्या गप्प. “तिथली पोरं कोणत्या भाषेत बोलतात ते तरी कळतं का तुम्हाला?” त्या गप्प, नुसत्या बघत होत्या. डाव मला ठाऊक होता. तो माझ्यावरच बेतलेला होता. तरीही मी उतरत गेलो, पायरी पायरीने, आणि शेवटी थप्पी मीच पाठीवर घेतली, हमालाला हात लावू दिला नाही, आणि जीपच्या टपावर चढवली. “धुतलेली शेत,” एवढंच म्हणालो.

जीप निघाली. खिडकीतून बाईंचा हात बाहेर आला. हातावर मिरचीच्या नाकाचा शेठ होता. जयूने पाचवीत जाताना तो त्यांना दिला होता. त्याचं तोंड जोरजोरात उघडमीट होत होतं, तो मला काहीतरी सांगत होता. “काय म्हनस?” मी ओरडलो, जीपमागे थोडा धावलोसुद्धा. इंजिनाच्या आवाजात एक शब्द ऐकू आला नाही.

हाच माझा राग. माझ्याच बाहुल्याने मला काय सांगितलं, ते मला माहीत नाही.

बाईंची बाहुली माझ्याकडे आहे, तराजूच्या आकड्याला टांगलेली. दुकानात कुणी नसलं की मी तिच्यासमोर उभा राहतो आणि म्हणतो, सांगा एकदा, काय म्हणाला तो. ती गप्प राहते. मी चिडतो. ती गप्पच. मग मी थोडा खाली येतो आणि पुन्हा विचारतो.