बाबांच्या जीपचं स्टेअरिंग

"हॅलो, इन्स्पेक्टर साहेब काय?" फोनवर एक बाई विचारत होती. मी कंपनीत होते, हातात मोजमापाची पट्टी, समोर तपासायच्या मालाचा क्रेट. नाव न बघताच फोन कानाला लावला होता. तिच्या मागून मार्केटचा कालवा ऐकू येत होता. "राँग नंबर" म्हणून मी फोन ठेवून दिला. अर्ध्या मिनिटात पुन्हा वाजला, आणि या वेळी स्क्रीनवरचं नाव दिसलं... बाबा. "अगो बाय, कापू नको ना फोन," तीच बाई म्हणाली. "हा म्हातारा माझ्या पाटीसमोर एकेक चिंबोरी उलटी करून बघत होता. बघता बघता खाली बसला, तो उठतच नाय. ह्याच्या फोनात पयला नंबर तुझाच हाय. पोलिसात हायस ना तू?"

मी पोलिसात नाही. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या पवईच्या एका कंपनीत मी तपासणी विभागात आहे. आलेला माल मोजायचा, हजारातले दहा बाजूला काढायचे आणि दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. माझ्या सासऱ्यांनी आपल्या साध्या बटणांच्या फोनमध्ये मला 'इन्स्पेक्टर' म्हणून ठेवलं होतं, हे मला त्या सकाळी त्या कोळणीकडून कळलं. मी मुलुंडला, घराजवळच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. बरं, मग आम्हाला झाला. चौदा वर्षं ज्या माणसाशी रोज भांडले, त्याचा फोन मी राँग नंबर म्हणून कापला, हे आता मी कुणाला सांगू? आणि हे असं नाव ठेवल्याबद्दल कुणावर ओरडू?

दीड महिना झाला. भेटायला येणारे सगळे एकच सांगतात, किती शांत माणूस, किती समंजस. मी चहा देते आणि मान डोलावते. पण इथे खरं लिहायला हरकत नाही. बाबा शांत नव्हते, समंजस तर अजिबातच नव्हते. भांडुपच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं फिटर म्हणून काढली होती. जगातली प्रत्येक वस्तू एक तर हातोड्याने सरळ होते किंवा गॅसच्या ज्योतीवर वाकते, यावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास होता. मी इंजिनिअर आहे हे लग्नाच्या बोलणीतच त्यांना कळलं होतं. तेव्हा त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "पान्यान कधी हात सोलपाटलोहा काय?" पान्याने माझा हात कधी सोलवटला नव्हता, मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पोह्यांकडे वळले. त्या एका मान हलवण्याचा राग माझ्या मनात किती वर्षं होता म्हणून सांगू!

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी जीप आणली. ठीक, माणसाला छंद हवा. पण आहे तशी गाडी चालवेल तर ते बाबा कसले? सोसायटीच्या कंपाउंडमध्ये, सेक्रेटरींच्या नाकावर टिच्चून, त्यांनी ती पाच इंच उचलली. चाकांच्या धुऱ्याखाली असलेले कमानपाटे, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या लोखंडी पट्ट्या, काढून धुऱ्याच्या वर बसवले आणि मोठे टायर चढवले. हे नियमात बसतं का, असं मी विचारलं होतं. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्याकडे लाच मागितली होती. सगळ्यात संतापाची गोष्ट वेगळीच. गाडी उंच कशाला हवी, तर म्हणे आईंसाठी, म्हणजे माझ्या सासूबाईंसाठी. गावच्या घरामागे कातळाचा सडा, म्हणजे उंचावरचं उघडं खडकाळ पठार आहे, त्याच्या माथ्यावर राखणदाराचं, गाव राखणाऱ्या देवाचं, स्थान. वाट दगडाधोंड्यांची, कुठलीच गाडी जात नाही, आणि आईंचे गुडघे गेलेले. म्हणून त्यांना वर न्यायला बाबांनी जीप इतकी उंच केली, की गुडघे गेलेल्या आईंना तिच्यात चढताच येईना! कंपाउंडमध्ये सगळ्यांच्या देखत आईंनी एक पाय वर टाकून बघितला, मग शांतपणे खाली घेतला आणि म्हणाल्या, "आता माका उचलूक क्रेन आणा." बाबांनी दुसऱ्या दिवशी बाथरूममधलं स्टूल पळवलं. तीन महिने आम्ही उलट्या बादलीवर बसून आंघोळी केल्या.

पण माझं खरं भांडण स्टेअरिंगवरून होतं. ज्यांना गाडीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सोपं करून सांगते. स्टेअरिंगपासून चाकापर्यंत एक लांब दांडा जातो, आणि दोन्ही पुढची चाकं एकत्र वळावीत म्हणून दुसरा दांडा त्यांना जोडतो. गाडीचं धड वर गेलं, चाकं जमिनीवरच राहिली. त्यामुळे जो दांडा आडवा होता तो शिडीसारखा तिरका झाला. अशा गाडीचं चाक खड्ड्यात गेलं, की तिरका दांडा आपणच चाकाला ढकलतो. आपण न वळवता गाडी वळते. दुसरा दांडा तर वर आणलेल्या पाट्यांनाच घासायला लागला. यावर बाबांनी काय केलं? दांडा लाल होईपर्यंत तापवला आणि पाट्याला वळसा घालून जाईल असा वाकवला. मी सांगितलं, बाबा, वाकलेला दांडा जोर आला की लवतो, हे धोक्याचं आहे. एकदा सांगितलं, दहादा सांगितलं, कागदावर काढून दाखवलं. "पन्नास वर्षां माणसां रॉड वाकवन गाडये चालवतत," ते म्हणाले. "तुझ्या पुस्तकात नाय म्हणान काय झाला?" निखिलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मध्ये पडायला सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही दोघं बघून घ्या ना यार." हा माणूस बँकेत आहे. त्याला गाडीत फक्त एसीचं बटण कळतं.

मग व्हायचं तेच झालं. माझी मुलगी अन्वी तेव्हा सात वर्षांची होती. रविवारी सकाळी बाबा तिला आणि मला घेऊन ठाण्याला निघाले. हायवेवर एका पुलाच्या सांध्यावर पुढचं चाक आदळलं आणि स्टेअरिंग थरथरायला लागलं. थरथरायला हा शब्द कमी आहे. बाबांच्या दोन्ही हातांतून ते सुटू पाहत होतं, अख्खी जीप डावी-उजवीकडे फटके खात होती, मागचा टेम्पोवाला हॉर्नवर हात दाबून बसला होता. अन्वीला वाटलं आजोबा मुद्दाम करताहेत, ती हसत होती. बाबांनी कसाबसा वेग कमी केला आणि गाडी कडेला घेतली. कुणालाही काही झालं नाही. मी खाली उतरले, अन्वीला उतरवलं, स्विचमधली चावी काढली आणि पर्समध्ये टाकली. आम्ही रिक्षाने घरी आलो. ते जीप ओढणाऱ्या गाडीच्या मागे मागे, दुपारी.

पुढचे नऊ दिवस आमच्या घरात दोन माणसं एकमेकांशी बोलत नव्हती. निरोप आईंमार्फत जात. "तिका सांग, आमटीत मीठ नाय." "त्यांना सांगा, डबा समोरच आहे." दहाव्या दिवशी मी कामावरून आले तर जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर दोन्ही दांडे सांध्यांसकट सोडवून, रॉकेलने धुऊन, ओळीने मांडलेले. बाबा समोर हाताची घडी घालून बसले होते. "सांग गो," ते म्हणाले. "नापास कित्याक ता?"

मी अन्वीची फूटपट्टी घेतली. एक टोक टेबलावर अंगठ्याने दाबून धरलं. पट्टी आडवी ठेवून दुसरं टोक बोटभर वरखाली केलं, ते बाजूला जवळजवळ सरकलंच नाही. मग पट्टी तिरकी उभी धरली आणि तेवढंच वरखाली केलं. टोक चांगलं बाजूला सरकलं. बाबांनी पट्टी माझ्या हातातून घेतली. स्वतः तीनदा करून बघितलं. मग पट्टी खाली ठेवून अत्यंत नाराजीने म्हणाले, "मगे ह्या आधी कित्याक नाय सांगलंस?"

मी टेबलावरची बशी फोडली नाही, याचं श्रेय मला कुणीतरी द्यायला हवं.

त्यानंतरचे दोन महिने आम्ही सासरा-सून नव्हतो, एकमेकांच्या डोक्याला ताप होतो. ठरलं असं, की दांड्याचं चाकाच्या बाजूचं टोक वर न्यायचं. दोन्ही चाकांना वरून नवे लोखंडी हात बसवायचे आणि दोन्ही दांडे, जाड आणि सरळ, पाट्यांच्या वरून न्यायचे. कुर्ल्याच्या बाजारात आम्ही सांधे बघत हिंडलो. बाबा दुकानदाराशी गावच्या गप्पा मारायचे, मी सांधा हलवून बघून परत ठेवायचे, मग बाबा चिडायचे. हात बनवायला घाटकोपरच्या एका टर्नरकडे टाकले. पहिले आले, त्यांतलं भोक निमुळतं हवं होतं, ते सांध्याच्या खिळ्यावर नीट टेकत नव्हतं. मी निळा रंग लावून दाखवलं, इथे टेकतंय, इथे नाही. परत. दुसरे आले. परत. तिसऱ्या वेळी टर्नर भडकला. माझ्याकडे न बघता बाबांना म्हणाला, "काका, मॅडमना ऑफिसात बसवा ना. गाडीला एवढं काय लागत नाय."

मला वाटलं, झालं, आता फिटर आणि टर्नर एक होणार. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "माजी सून आसा ती," ते म्हणाले. "ती म्हणता तसाच करूचा. नाय जमत तर सांग, आमी दुसरीकडे जातंव." चौथे हात बरोबर आले. मी घरी येताना हवेत होते. घरात शिरताच बाबा आईंना सांगताना ऐकलं, "काय खुसपटां काढता ही बाई! त्या गरीब माणसाक रडवल्यान."

गाडी जोडल्यावर आम्ही गावी गेलो. आई स्टुलावरून चढल्या. सड्यावरची वाट मी उघड्या डोळ्यांनी बघू शकत नव्हते. एक चाक धोंड्यावर, दुसरं हवेत, पण स्टेअरिंग बाबांच्या हातात मांजरासारखं शांत. वर पोचलो. लांबवर समुद्राची रेघ दिसत होती. आई राखणदारासमोर हात जोडून उभ्या राहिल्या, मग मागे वळून म्हणाल्या, "मी कधी म्हटलंय, माका हय येवचा आसा म्हणान?" बाबा म्हणाले, "लग्नाच्या वर्षी म्हटलं होतंस." आईंना काही आठवेना. त्या बाबांकडे नुसत्या बघत राहिल्या. मी लगबगीने नारळ सोलायला घेतला.

उतरताना बाबांनी चावी माझ्यापुढे धरली. जीपला त्यांनी आजवर निखिललाही हात लावू दिला नव्हता. "चालव," एवढंच. शाबासकी वगैरे काही नाही. उलट खाली येईपर्यंत कानाशी अखंड सुरू होतं. ब्रेक मारू नको, गेरात ठेव, धोंडो बघ, डोळे खय आसत तुझे... पायथ्याशी पोचले तेव्हा मला गाडीसकट त्यांना तिथेच सोडून मुलुंडला चालत यावंसं वाटत होतं.

आता सेक्रेटरी विचारतात, जीपचं काय करताय? निखिलने परस्पर एका गिऱ्हाइकाला बोलावलं. दहिसरचे गृहस्थ, बोलायला सभ्य. खाली वाकून दांडे बघितले, काम झकास आहे म्हणाले. मग म्हणाले, "अजून दोन इंच उचलू. रॉड घासला तर थोडा वाकवून घेऊ, काय?" मी त्यांना चहा दिला आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. निखिल दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

बाबांची एक सवय होती. दर रविवारी, गाडी काढायची असो वा नसो, ते जीपखाली आडवे व्हायचे, सांध्यावर तळहात ठेवायचे आणि वर बसलेल्याला, म्हणजे मला, स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवायला लावायचे. सांधा ढिला झाला असेल तर हाताला टकटक लागते. माझी रविवारची झोप त्यात गेली. परवाच्या रविवारी मी चटई घेऊन खाली गेले आणि मग लक्षात आलं, वर बसायला कुणी नाही. अन्वी क्लासला, निखिल झोपलेला. वळून बघते तर आई. जिन्याचा कठडा धरत धरत दोन मजले उतरून आल्या होत्या. मी जीपमधलं स्टूल ठेवून मागून आधार दिला, त्या ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. आयुष्यात स्टेअरिंगला हात लावला नव्हता. खालून मी सांगितलं, डावीकडे... आता उजवीकडे. त्यांनी हलवलं. तळहाताला काहीच लागलं नाही. सगळं घट्ट होतं.

"काय गो, गावला काय?" वरून आवाज आला.

"नाही आई. काही सापडलं नाही. ठीक आहे."

"मगे आडवी कित्या पडलंस? ऊठ, भात थंड झालो."

मी उठले नाही. त्याही उतरल्या नाहीत. थोडा वेळ गेला, आणि मी काही न सांगता स्टेअरिंग पुन्हा हलायला लागलं... डावीकडे, उजवीकडे, डावीकडे.