शेवटच्या बोटीला न गेलेली जाईबाई

जाईबाई लालबागच्या चाळीत आली तेव्हा सतरा वर्षांची होती. आल्या आल्याच तिला एक रीत कळली: या खोलीत झोपायचं पाळीपाळीने, आणि बाळंत व्हायचं ते गावी. दहा बाय दहाची खोली, तीत नवरा गुणाजी, दीर आणि गावचे चार भाऊबंद. कोपऱ्यात साडीचा आडोसा, तेवढाच काय तो संसार. सातवा महिना लागला की बाईला भाऊच्या धक्क्यावर नेऊन बोटीत बसवायचं. मुलाने जरा बाळसं धरलं की ते थोरल्या जावेच्या ओटीत टाकून तिने परत यायचं आणि गिरणीत वाइंडिंगला, सूत गुंडाळायला, उभं राहायचं. हे कुणी ठरवलं नव्हतं, पण मोडलंही नव्हतं कुणी.

तीन खेपा तिने अशाच काढल्या. पहिली चंपा. तिसरा बुधाजी. मधल्याचं नावच ठेवलं नव्हतं. तो भर पावसाळ्यात झाला. बोटी बंद, खाडी फुगलेली. पलीकडच्या काठावर सुईण उभी आणि तिच्याशेजारी होडीवाला लवू हात हलवून नाही-नाही करतोय. पोर दुपारपर्यंत होतं. त्यानंतर त्या खाडीकडे जाईबाईने कधी मान वर करून पाहिलं नाही.

चौथ्यांदा दिवस गेले ते द्विभाषिकाच्या राज्यात. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा-मोर्चांनी लालबाग-परळ नुसतं धगधगत होतं. जाईबाई दिवसपाळी सुटली की तशीच मोर्चात जायची, घोषणा द्यायची. दिवस भरणार होते जूनमध्ये. म्हणजे गावी जायचं तर उशिरात उशिरा मेअखेरच्या, पावसाआधीच्या शेवटच्या बोटीने, आणि मग पुन्हा तीच खाडी.

त्याच सुमाराला सरकारने परळला कुटुंबनियोजनाचं केंद्र काढलं होतं. तिथली सेविका नलूताई दादरहून यायची, छत्री आणि तक्त्यांची गुंडाळी सांभाळत चाळीचे जिने चढायची. बोलणं पुस्तकातल्यासारखं स्वच्छ.

"जाईबाई, तीन मुलं म्हणजे पुष्कळ झाली हो."

"दोन गो बाय. एक खाडयेन खाल्ल्यान."

नलूताईने तक्ता गुंडाळला आणि पुढे आलेला चहा घेतला. तेव्हापासून दोघींचं जमलं.

आणि एक आधीच सांगून टाकतो. ही खेप शेवटची, हे जाईबाईने तक्ता बघायच्या आधीच ठरवलं होतं. तिला कुणी शिकवायला नको होतं. भांडण पेटलं ते चिठ्ठीवरून.

बाळंतपणाला दवाखान्यात खाट हवी तर केंद्राची चिठ्ठी लागे. ती मागायला जाईबाई गुणाजीला घेऊन गेली. केंद्राचे मुख्य डॉक्टर कमलाकांत. ठाकूरद्वारचं जुनं घराणं, पाच पिढ्यांचे मुंबईकर. त्यांनी कागद पुढे सरकवला.

"चौथी खेप ना? आधी नवऱ्याच्या नसबंदीच्या ऑपरेशनची संमती. मग चिठ्ठी."

"आणि नाय दिली तर?"

"तर गावी पाठवा. तुमच्या बायका नाहीतरी गावीच बाळंत होतात. इथे मुंबईत पाय ठेवायला जागा आहे का?"

गुणाजी भित्रा गडी. त्याने टाक उचललासुद्धा. जाईबाईने त्याचं मनगट धरलं.

"ठेव तो. सही तू देतलंस, पण माझ्या खाटेच्या बदल्यात नाय. आज खाटेसाठी मागतत, उद्या रेशनासाठी मागतले." मग ती डॉक्टरांकडे वळली. "डाक्टरानू, गिरणी चालवूक आमी हंय होये आणि पोरा काढूक थंय? आणि वर मोठे लोक म्हणतत, मुंबयत मराठी माणूस निम्मो पण नाय! कसो असतलो? आमची पोरा तुमच्या जन्माच्या वहीत येतत खंय?"

"हे बघा, हे राजकारण इथे नको."

"बरा. तुमची नाळ खंय पुरली?"

डॉक्टर गोंधळले. "माझी? ठाकूरद्वारला, घरामागे. का?"

"मगे माझ्या पोराची पण मुंबयतच पुरतलंय."

घरी आल्यावर गुणाजीने पुष्कळ आदळआपट केली. "अगो, सरकाराशी खंय भांडतंस? वर्षानुवर्ष बायका जातत!" त्याने शेवटच्या बोटीचं तिकीट काढलं, बोचकं बांधलं. ठरल्या दिवशी जाईबाई धक्क्यावर गेली. गुणाजीला वाटलं, वळली. तिने बोचकं एका गाववाल्याच्या हवाली केलं. त्यात चंपाचा परकर, बुधाजीचा सदरा आणि पोरांसाठी खाऊ होता. स्वतःचं एक लुगडंही तिने आत ठेवलं नव्हतं. बोट सुटली. जाईबाई गुणाजीला म्हणाली, "चल. भाकऱ्या टाकूच्या आसत."

जूनमध्ये एका सकाळी कळा सुरू झाल्या. जाईबाई चालत परळला निघाली आणि तिच्यामागे चाळीतल्या सतरा बायका. घोषणा नाही, काही नाही. केंद्राच्या बाकावर ती बसली, बाकीच्या जमिनीवर.

कारकून म्हणाला, "चिठ्ठी?"

"चिठ्ठी पोटात आसा. वायच थांब, भायर येतली."

बायका खदाखदा हसल्या. कारकून आत पळाला. डॉक्टर बाहेर आले, पण त्यांच्याआधी नलूताई आली. तिच्या हातात चिठ्ठ्यांचं पुस्तक होतं. बाकावर टेकून तिने जाईबाईचं नाव लिहिलं. 'पतीची संमती' या रकान्यात आडवी रेघ मारली.

"नलूताई, नोकरी आहे तुमची," डॉक्टर म्हणाले. "याचं उत्तर द्यावं लागेल."

"देईन, सर. तोवर हिच्या कळा थांबणार नाहीत." तिने खाली सही ठोकली.

मुलगी झाली. दाखला हातात आला तेव्हा जाईबाईने तो नलूताईकडून दोनदा वाचून घेतला. जन्मस्थळ: परळ, मुंबई. आठव्या दिवशी नाळ पडली. जाईबाईने ती चाळीच्या नळामागे, डब्यातली तुळस होती तिथे पुरली आणि वर पाय दाबून माती बसवली.

नलूताईला ठपक्याचं पत्र आलं, आणि वरळी कोळीवाड्याला बदली. तिथेही ती तक्ते घेऊन जिथे-तिथे चहा पीत हिंडते, असं कळलं.

नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्या. जाईबाई पहिल्या बोटीने जाऊन चंपाला आणि बुधाजीला घेऊन आली. खोलीत जागा कुठली? भाऊबंदांना सांगितलं, सरका. मग एके दिवशी गुणाजीला घेऊन ती आपणहून केंद्रात गेली. त्याने सही केली.

डॉक्टर कमलाकांत चष्म्यावरून बघत म्हणाले, "म्हणजे पटलं शेवटी?"

"माका तेवाच पटला होता. पण तुमी खाट आडवून बसलास. आता मी माझ्या पायान इलंय."

पुढच्या मे महिन्यात शेवटची बोट लागली, तेव्हा चाळीतल्या तीन पोटुश्या बायकांनी तिकिटंच काढली नव्हती. त्यांच्या नवऱ्यांनी गुणाजीला वाटेत गाठलं. "काय रे गुणाजी, आता ह्येंचा काय करूचा?"

गुणाजीने विडी झटकली. "माका काय इचारतास? जाईक इचारा."