फाटकाचा पाळणा

आमची आत्या गेली तेव्हा सगळी वस्ती दारात येऊन उभी राहिली. कोणी आजारी पडलं किंवा गेलं की प्रत्येक घरातून एक खांदा यायचा, अशी तिथली पद्धत. घरं डोंगरावर, गाडीरस्ता पार खाली, मग करणार काय. तर आले सगळे. दुकानदारही आला, चेहरा पाडून. आणि आम्ही म्हटलं, खांदा नको, आत्या तारेनं जाणार.

एक बाई म्हणाली, "अगं, ती काय बटाट्याचं पोतं आहे का?"

वाईट वाटून म्हणाली बिचारी, टोमणा नव्हता. पण आत्यानं स्वतःच सांगून ठेवलं होतं, की ज्या दिवशी ह्यांचा खांदा पाहिजे होता त्या दिवशी आला नाही, आता फुकटचा नको. आता वस्तीत म्हणतात बाई फार खुनशी होती. होतीच. का होती ते मात्र कोणी सांगत नाही.

आत्या इस्त्रीवाली. शहरात एका उंच इमारतीच्या जिन्याखाली तिचं टेबल, त्यावर जुनी चादर अंथरलेली, शेजारी कोळशाची शेगडी. नवरा, म्हणजे आमचे आतोबा, लिफ्ट दुरुस्त करायचे. इमारतीची लिफ्ट बंद पडली की लोक जिना चढता चढता आत्यालाच ऐकवायचे, कारण नवरा तिचा. ती इस्त्री न थांबवता म्हणायची, "चढा चढा, तब्येतीला चांगलं असतं."

त्यांच्या खोलीला खिडकी नव्हती. भिंत होती, भिंतीवर कॅलेंडर होतं, कॅलेंडरवर डोंगर होता. आतोबा म्हणायचे, आयुष्य खोक्यात वरखाली करण्यात गेलं, आता अशी जागा पाहिजे की उभं राहिलं की नुसतं दिसत राहिलं पाहिजे. काय दिसलं पाहिजे ते त्यांनाही सांगता यायचं नाही.

कोणाच्या तरी ओळखीतून ह्या डोंगरावरच्या जमिनीचं कळलं. वस्तीतल्या एकुलत्या एका दुकानदाराची जमीन. दोघं बघायला गेली. रस्त्यापासून वाट चढते ती मध्यावर दुकानदाराच्या अंगणातून जाते. फाटक सताड उघडं, दुकानदार हात जोडून उभा, "या दादा, या वहिनी, घर तुमचंच समजा." चहा झाला. मग वर जाऊन जमीन बघितली. उतार बरा, वरच्या अंगाला झरा, एक दगडी घर, अर्धं छप्पर शाबूत. आतोबांनी झऱ्याचं पाणी पिऊन बघितलं. ऊन कुठून येतं, कुठे जातं बघितलं. मान वर करून डोंगरमाथा बघितला, वाकून खालचा रस्ता बघितला. लिफ्टवाल्याची जन्माची खोड ती, वर बघायचं आणि खाली बघायचं. मधली वाट कोणाची, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. आत्याच्याही नाही आलं, ती झऱ्यावरच खूष होती, नळाला रांग नाही म्हणून.

शहरातली खोली विकली आणि गेली दोघं. पहिले काही महिने सुखाचे. छप्पर घातलं, बटाटे लावले, इस्त्रीचं टेबल जेवायला झालं. आत्या फोनवर सांगायची, "अगं, इथे कपड्यांना सुरकुती पडली तरी बघायला कोणी नाही."

पहिले बटाटे काढले आणि पोतं घेऊन खाली निघाले, तर फाटकाला कुलूप. जाड फळ्यांचं फाटक, लोखंडी पट्ट्या मारलेलं, दोन्ही बाजूला उंच भिंत, भिंतीवर काचा. आतोबांनी हाक मारली. दुकानदार आला, दात कोरत.

"भाऊ, कुलूप कशाला?"

"अंगण माझं म्हणून."

"मग आम्ही यायचं जायचं कुठून?"

"दादा, जमीन तुमची, वाट माझी. घेताना विचारली होतीत का वाट?" आणि वर हसून, "चहा टाकायला सांगू?"

दुसरा रस्ता होता, ओढ्याच्या पात्रातून, दगडांवरून, सगळा डोंगर वळसा घालून. जायला अर्धा दिवस. वस्तीतल्या बाकीच्यांना फाटक उघडायचं, सामान मात्र त्याच्याच दुकानातून घ्यायचं ही अट. खालून कोणी मिठाची पिशवी स्वतः आणली तर त्याच्याही तोंडावर फाटक बंद. शेळ्या राखणारा एक म्हातारा होता, तोच एक बोलायचा. तो म्हणाला, "तुम्ही पहिले नाही. आधी एक बँडवाला आला होता, मग एक नर्सबाई. वर्षभरात कंटाळून गेले, जमीन ह्यालाच मातीमोल देऊन. त्या जमिनीत बटाट्यापेक्षा गिऱ्हाईक जास्त पिकतं."

आत्या म्हणाली, चला परत. आतोबा म्हणाले, "परत कुठे, जिन्याखाली? वाट नाही तर नाही. आपण लिफ्ट बसवू."

तिला वाटलं थट्टा करतायत. पण ते ओढ्याच्या वाटेनं शहरात गेले आणि पाडलेल्या इमारतीच्या लिफ्टचं मोठं चाक सुटं करून घेऊन आले, तुकड्या-तुकड्यानं. घरासमोर, कड्याच्या टोकाला खांब रोवले. विचार साधा होता. कड्यापासून खालच्या रस्त्यापर्यंत दोन तारा. एका तारेवर सामानाचा पाळणा, दुसरीवर पत्र्याचं पिंप. दोघं एकाच दोरानं बांधलेले, दोर वरच्या चाकावरून. पिंपात झऱ्याचं पाणी भरलं की ते जड होऊन खाली जाणार आणि पाळणा वर येणार. खाली बूच काढून पाणी सोडलं की पिंप हलकं, मग पाळण्यात दोन दगड ठेवून तो खाली सोडायचा. वीज नको, इंजिन नको. फक्त वर कोणीतरी ब्रेक धरून बसायचं.

दुकानदार अंगणातून ओरडायचा, "वहिनी, लिफ्टचं बटण लागलं का? मलाही ढगापर्यंत सोडा."

आत्या खांबाभोवतीची माती चोपत राहायची. तेव्हा नाही बोलायची.

तारा ओढायच्या राहिल्या होत्या तेव्हाची गोष्ट. सकाळी आतोबा चाकाला ग्रीस लावत होते आणि छातीला हात लावून खाली बसले. घाम, ओठ निळे. आत्या पळत फाटकापाशी गेली. फाटकाच्या फटीतून दुकान दिसत होतं. दुकानदार साखर तोलत होता.

"भाऊ, ह्यांना खाली न्यायचंय. उघडा."

"चावी भाच्याकडे राहिली वहिनी, तो खाली गेलाय."

चावी तराजूच्या वरच्या खिळ्याला लटकत होती. आत्यानं बघितली. आणि तिनं बघितली हे त्यानंही बघितलं. तरी त्यानं साखरेची पुडी बांधली, दोरा तोडला, गिऱ्हाइकाला दिली.

मग ती घरोघरी फिरली. एक खांदा द्या म्हणाली. पण त्यानं आधीच सांगून ठेवलेलं, वरच्या जमिनीला जो मदत करेल त्याला फाटकही बंद आणि दुकानही बंद. माणसं आपापल्या हातांकडे बघत बसली. एकजण म्हणाला, "आम्हालाही लेकरं आहेत वहिनी." ह्या एका वाक्यावर ती पुढे जन्मभर चिडली, कारण तिला नव्हती.

शेळ्यावाला म्हातारा आला. तेवढाच. इस्त्रीच्या टेबलाची फळी काढली, त्यावर आतोबांना बांधलं आणि दोघांनी उचलली, एका टोकाला म्हातारा, एका टोकाला आत्या, ओढ्याच्या वाटेनं. आतोबा शुद्धीवर होते. वाटेत म्हणाले, "ब्रेकची पट्टी नवीन घे गं, जुनी सटकते." जिथून रस्ता दिसतो त्या वळणावर फळी जड झाली. आत्या सांगायची, माणूस गेलं की जड होतं हे लोक उगाच म्हणत नाहीत, मी उचललंय.

आम्हाला वाटलं आता ती येईल परत. दुकानदारालाही तेच वाटलं. महिना गेला तसा माणूस पाठवला, जमीन द्यायची तर सांगा. आत्यानं त्या माणसाला पाणी दिलं, बसवलं आणि म्हणाली, "त्याला सांग, मी राहणार आहे. तो मरेपर्यंत."

आतोबांचा शहरातला जोडीदार मिस्त्री तिनं बोलावून घेतला. दोघांनी आणि म्हाताऱ्यानं मिळून तारा ओढल्या. ब्रेकची पट्टी नवीन घेतली. सामानाचा पहिला डाग वर आला तो मिठाचं पोतं, खालच्या बाजारातून घेतलेलं. पोतं तारेवरून, बरोबर दुकानदाराच्या अंगणावरून तरंगत वर आलं. त्याची कोंबडी ओरडत पळाली. आत्यानं पोतं दारात उघडून ठेवलं आणि सांगितलं, ज्याला पाहिजे त्यानं न्यावं.

मग काय, वस्ती तारेवर आली. गॅसची सिलिंडरं, पत्रे, बी-बियाणं, एकीची शिलाई मशीन. आत्या सगळ्यांचं वर घ्यायची, भाडं नाही. अट एकच. दुकानदाराची एक काडेपेटीसुद्धा नाही. पण लोकांचं सामान आणलं म्हणून लोकांशी जमलं असं समजू नका. त्यांचं मीठ ती वर ओढायची, त्यांच्या घरचा चहा पीत नव्हती. कोणी म्हणालं, "आत्या, झालं गेलं," की म्हणायची, "झालं तुमचं. गेलं माझं."

एकदा एकानं दुकानदाराची चहापत्तीची पेटी आपल्या पोत्याखाली लपवली. पाळणा निम्म्यावर आला, पोत्याखालून पेटीचा कोपरा दिसला आणि आत्यानं ब्रेक ओढला. पाळणा अंगणावर लटकलेला, खाली दुकानदार मान वर करून उभा, वर पोत्याचा मालक हात चोळत.

"काय झालं आत्या? अडकलं का?"

"नाही. मी विचार करतेय, चहापत्ती कोण पितं तुमच्या घरी."

"आम्ही... पाहुणे येणार होते."

"येऊ देत की. पाहुणे आले की सोडते."

पाऊस आला. पेटी भिजली, तपकिरी पाणी अंगणात गळायला लागलं. मग तो माणूस कबूल झाला. परत कोणी तसं केलं नाही.

दुकानात धूळ बसायला लागली. फाटकाला कुलूप होतं पण त्याला आता कोणी विचारत नव्हतं, मीठ डोक्यावरून जात होतं. पुढे त्याचं सामान वाहणारं खेचर मेलं. गुडघे गेले. भाचा शहरात निघून गेला. आधी बायकोला पाठवलं त्यानं, आमचीही पोती तारेनं घ्या म्हणून. आत्या तिच्याशी नीट बोलली, तिच्या कमरेचं विचारलं, आणि नाही म्हणाली. मग एक दिवस स्वतः चढून आला, धापा टाकत. आत्या ब्रेकपाशी बसलेली, शेंगा सोलत.

"वहिनी, माझं चुकलं."

"काय चुकलं?"

तो गुडघा चोळायला लागला.

"नाही, सांगा ना. काय काय चुकलं ते ऐकू दे. मला वेळ आहे."

"चावी... होती तेव्हा."

आत्यानं शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले. एवढी वर्षं जे ऐकायचं होतं ते ऐकलं आणि म्हणे आतमध्ये काहीच हललं नाही. उलट राग नव्यानं आला, की एवढं बोलायला एक वाक्य लागत होतं.

"ते फाटक काढा," ती म्हणाली. "तुमच्या नावाचा पहिला डाग म्हणून ते वर येऊ दे. मग बघू."

काढलं त्यानं. बिजागऱ्या गंजलेल्या, दिवसभर ठोकत होता. फाटक पाठीवर घेऊन, त्या गुडघ्यांनी, रस्त्यापर्यंत खाली उतरला. वस्ती दारादारात उभी राहून बघत होती. खांदा द्यायला कोणी पुढे झालं नाही, ह्याची त्यांना सवयच होती. त्यानं फाटक पाळण्यात बांधलं, आत्यानं पिंपात पाणी सोडलं, फाटक वर आलं. तोही मागून चढून आला, संध्याकाळ झाली तोपर्यंत.

"आलं का वहिनी?"

"आलं."

"मग उद्या माझी पोती लावू का खाली?"

"नको."

"तुम्ही म्हणाला होतात मग बघू."

"बघितलं," आत्या म्हणाली. "भाऊ, वाट तुमची, तार माझी. हे तुम्हीच ठरवलं होतं. वाटेनं आणा पोती, आता तर फाटकही मधे येत नाही."

चहाचं मात्र तिनं विचारलं. तो नको म्हणाला.

त्या फाटकाचा तिनं पाळण्याला तळ करून घेतला. जुना तळ कुजलाच होता. तेव्हापासून वस्तीचं प्रत्येक पोतं, प्रत्येक सिलिंडर त्या फळ्यांवर बसून दुकानदाराच्या डोक्यावरून वर यायचं. पट्ट्या उन्हात चमकायच्या. तो अंगणात बसायचा बंद झाला.

आत्याला आम्ही त्याच फळ्यांवर निजवलं. ब्रेक आत्याच्या भाचीनं, आमच्यातल्या धाकटीनं धरला, तार आता तीच सांभाळणार होती. पिंपात पाणी भरावंच लागलं नाही, आत्याच्याच वजनानं रिकामं पिंप वर यायला लागलं. वस्तीतले लोक वाटेनं बरोबरीनं उतरत होते, मोकळ्या हातांनी. फाटक नव्हतं, अंगणातून सरळ गेले.

सगळं आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी दुकानदार वर आला. भाची ब्रेकला ग्रीस लावत होती. बसला, आत्याबद्दल दोन चांगले शब्द बोलला. मग म्हणाला, "पोरी, आता तरी माझी पोती घेशील ना वर?"

"बघू," भाची म्हणाली.