सदतीस नंबरचं टोकन

चैत्र लागला की केंदूरच्या ईश्वरचं शेतातलं लक्ष उडतं, हे त्याच्या झेंडूच्या वाफ्यांनासुद्धा माहीत झालं आहे. एरवी माणूस सरळ. वय चव्वेचाळीस, दोन एकरांत फुलं काढतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. खोटं बोलायची वेळ आली की त्याचे कान लाल होतात, असं त्याची बायको शितल सांगते, आणि ती सतरा वर्षं ते कान बघते आहे. अशा माणसाने यंदाच्या यात्रेत एका दिवसात चार वेळा खोटं बोलावं, आणि बोलताना एकदाही पकडला जाऊ नये, याचं मला अजून नवल वाटतं.

इकडची बैलगाड्यांची शर्यत ज्यांनी पाहिलेली नाही त्यांना थोडं सांगायला हवं. चढाचा सरळ रस्ता असतो, त्याला घाट म्हणायचं. गाड्याला चार बैल जुंपायचे, गाड्यावर कुणी बसायचं नाही, आणि बैलांच्या पुढे एक घोडी पळवायची. घोडीवर माणूस. ती सुटली की तिच्यामागे बैल जीव तोडून पळतात, आणि वरच्या निशाणापर्यंत किती सेकंद लागले यावर माणसं वर्षभर भांडतात. या एका पळण्याला बारी म्हणतात. बारी चांगली गेली तर नाव बैलांचं होतं, फसली तर घोडीवाल्याचं. हा अन्याय ईश्वरने इतकी वर्षं बिनतक्रार सोसला, कारण आपल्या पांढऱ्या घोडीच्या, मोगरीच्या पाठीवर तो बसला की त्याचा दुखरा गुडघाही दुखायचा थांबायचा.

मोगरी त्याला दिली ती हौसराव आप्पांनी. आप्पा म्हणजे ईश्वरचे सख्खे चुलते. केंदूरच्या कोरडवाहूला कंटाळून त्यांनी तरुणपणीच दौंड तालुक्यात खुटबावला कालव्याखाली रान घेतलं, ऊस लावला, घर बांधलं. ईश्वर दहा वर्षांचा असताना त्याचा बाप गेला, तेव्हा आप्पा त्याला सुट्टीला खुटबावला न्यायचे आणि कालव्याच्या भरावावर स्वतःच्या घोडीवर बसवायचे. लगाम हातात द्यायचे नाहीत. आधी नुसतं बसायला शीक म्हणायचे. पुढे त्याच घोडीच्या वंशातली शिंगरी त्यांनी ईश्वरच्या दारात आणून बांधली. शर्यतींवर बंदी होती त्या वर्षांत लोकांनी घोड्या विकून टाकल्या, ईश्वरचंही मन डळमळलं होतं. पण दर महिन्याला खुटबावहून हरभऱ्याचं पोतं यायचंच. पोत्याबरोबर निरोप असायचा, की बंदी माणसांवर आहे, घोडीच्या पोटावर नाही.

यंदा माघापासून आप्पा अंथरुणाला खिळले होते. हृदय थकलं होतं, पायांवर सूज होती, पण जीभ शाबूत होती. यात्रेच्या आधी आठ दिवस त्यांचा रोज सकाळी फोन यायचा. ईश्वरची, शितलची चौकशी उरकल्यासारखी करायचे आणि मग मुद्द्यावर यायचे. मोगरी काय खाती, पळाया काढली का, टोकन कितवं लागलं.

टोकन लागलं सदतीस, म्हणजे सदतिसावी बारी. चिठ्ठी निघाली त्या संध्याकाळी चावडीपुढे पाय ठेवायला जागा नव्हती. कारेगावच्या कंपन्यांत कामाला असलेल्यांनी आधीच रजा टाकल्या होत्या. ज्यांना रजा मिळाली नाही त्यांना पोटदुखी होणार हे सुपरवायझरलाही कळून चुकलं होतं. चहाच्या टपरीवर दुसरा विषयच नव्हता. गावातल्या जयसिंगचे बैल यंदा सगळ्यांत कमी सेकंद घेऊन घाटाचा राजा होणार की नाही, यावरून दोन सख्खे व्याही बोलेनासे झाले. कंपनीत काम करणारे बिहारी कामगारही एकमेकांना विचारत होते, "सफेद घोडी वाला कितने नंबर पे है?" जयसिंगचे बैल मोगरीशिवाय दुसऱ्या घोडीमागे धड पळत नव्हते, आणि मोगरी ईश्वरशिवाय कुणाला पाठीवर बसू देत नव्हती. त्यामुळे अर्ध्या गावाची आशा त्याच्या दोन मांड्यांवर येऊन बसली होती.

आप्पांना टोकन कळवलं तेव्हा त्यांनी मोठ्याने बाऱ्या मोजून वेळ काढली. मग म्हणाले, "सदतीस म्हंजी उन्हाचा वकूत. पाणी अर्धंच पाज. मला घाटावर याया जमत न्हाई, पर मोबाईलवर लाईव्ह दिसतंय म्हणं. विश्वजीत लावून देनार हाय." आणि हसून पुढे म्हणाले, "मला खांदा द्यायला तूच पायजेस बरं का. पर बारी बघितल्याबिगर मी जात न्हाई, तू नीट पळव."

यात्रेच्या दिवशी सकाळी नऊला ईश्वर गोठ्यात मोगरीच्या आयाळीला कंगवा फिरवत होता, तेव्हा फोन वाजला. विश्वजीत, आप्पांचा मुलगा. त्याला बोलता येत नव्हतं. पहाटे चहा मागितला, कप हातात घेतला आणि गेले, एवढंच त्याने कसंबसं सांगितलं. नाशिकहून थोरली बहीण, ताई, निघाली आहे, ती एकपर्यंत पोचेल, मग उचलायचं. आणि शेवटी म्हणाला, "मला काय सुचंना. केंदूरच्या भावकीला तूच कळव. तू निघ."

"निघालोच," ईश्वर म्हणाला.

हे पहिलं खोटं. ते बोलताना ते खोटं आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, असं तो आजही स्वतःला सांगतो. पण फोन खिशात ठेवल्यावर त्याने कंगवा उचलला आणि राहिलेली आयाळ विंचरली. तिथंच त्याला कळलं.

सख्खा चुलता गेला म्हणजे दहा दिवसांचं सुतक. सुतकातल्या माणसाने देवाच्या यात्रेत पाऊल टाकायचं नाही, भंडाऱ्याला हात लावायचा नाही. एकदा तोंडातून बातमी बाहेर पडली की सदतीस नंबरचं टोकन म्हणजे नुसता कागद. भावकीला कळवायचं काम त्याच्याकडेच आलं होतं, तेव्हा त्याने तोंड उघडलं नाही तर केंदुरात कुणाला काही कळणार नव्हतं. त्याने हिशेब मांडला. बारी साडेअकरापर्यंत होईल. खुटबाव सव्वा तासाचा रस्ता. ताई येण्याच्या आत आपण पोचतो. आप्पांनाही बारी व्हायलाच हवी होती, नाही का? माणसाला वाईट वागायचं असलं की त्याच्याजवळ कारणांचा तोटा नसतो, आणि त्यातही मेलेल्या माणसाची इच्छा हे कारण फार सोयीचं, कारण ते खोडायला तो येत नाही.

शितलने फोन कुणाचा म्हणून विचारलं. खताच्या दुकानाचा, असं तो मोगरीच्या पोटाखाली वाकून म्हणाला. त्यामुळे कान दिसले नाहीत.

घाटावर माणूस मावत नव्हता. हलगी, भोंगे, आइस्क्रीमच्या गाड्या, झाडांवर चढलेली पोरंटोरं. भावकीतले सगळे तिथंच होते, फेटे बांधून, आणि ईश्वर त्यांच्या नजरेला नजर न देता मोगरीला धरून उभा होता. जयसिंगने भंडाऱ्याचं ताट आणलं. बैलांना लावला, मोगरीला लावला, मग ईश्वरकडे वळला. ईश्वरने क्षणभर मान मागे घेतली. जयसिंगने काय झालं विचारलं. ऊन लागतंय जरा, असं म्हणून ईश्वरने कपाळ पुढे केलं.

आणि साडेअकराची बारी काही साडेअकराला आली नाही. पंधराव्या नंबरचा गाडा उलटला, मग घड्याळाची वायर तुटली, मग कुण्या पुढाऱ्याचा सत्कार. बारा वाजले, साडेबारा वाजले. अजून एकतिसावाच नंबर चालू होता. तेवढ्यात फोन थरथरला. ईश्वर मोगरीच्या टेम्पोत शिरला, आतून फळकं लावून घेतलं, वर ताडपत्री ओढली, तरी हलगी ऐकू येतच होती. विश्वजीतने कुठवर आलास विचारलं.

"भीमेच्या पुलावर. ट्रॅफिक लागलंय."

"ये सावकाश. ताई आली. तुझ्यासाठी थांबतो," विश्वजीत म्हणाला. आवाज कसला येतोय, हे त्याने विचारलं नाही.

टेम्पोत शेणाचा, घामाचा वास कोंडला होता. ईश्वर दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला. तेव्हा उठून सरळ निघाला असता तरी दोनच्या आत पोचला असता. ही गोष्ट त्याला पुढे कित्येक महिने जेवताना आठवायची आणि घास फिरायचा. पण बाहेर तयार राहायला म्हणून त्याचं नाव पुकारलं गेलं, आणि तो उठला तो मोगरीकडे जायलाच.

एक वाजून वीस मिनिटांनी सदतीस नंबर सुटला. त्या बारीचं वर्णन केंदुरात कुणीही करील, ईश्वर करत नाही. मोगरी सुतासारखी सरळ गेली, बैल तिच्या शेपटीला चिकटून आले, आणि पडद्यावर आकडा उमटला तेव्हा घाट असा गरजला की मोगरी पहिल्यांदाच बुजली. अकरा सेकंद, सत्तेचाळीस. दिवसभरात त्याच्या खाली कुणी आलं नाही. लोकांनी ईश्वरला खाली ओढून खांद्यावर घेतलं, गुलालाची पिशवी डोक्यावर रिकामी केली. खांद्यावर बसल्यावर त्याला खांदा आठवला आणि तो ओरडून खाली सोडा म्हणू लागला. लोकांना वाटलं, आनंदाने ओरडतोय.

जयसिंगला बाजूला घेऊन त्याने खरं सांगितलं. जयसिंगच्या चेहऱ्यावरचं हसू जायला जरा वेळ लागला.

"येड्या, सकाळी बोलला असतास तर गाडा मीच मागं घेतला असता," तो म्हणाला. "तुला सोडाया मीच आलो असतो की. ते माझ्याबी लग्नात राबलेत."

ईश्वरजवळची सगळी कारणं तिथंच संपली. जयसिंगनेच मग भावकीला गोळा केलं. दोन जीप भरून माणसं निघाली, आणि वाटभर कुणी ईश्वरशी बोललं नाही. खुटबाव जवळ आल्यावर त्याने जीप थांबवली आणि कालव्यात उतरून डोकं धुतलं, कान धुतले, नखं घासली, शर्ट बदलला. गुलाल पाण्यात पसरत गेला. ज्या भरावावर आप्पांनी त्याला घोडीवर बसायला शिकवलं तोच हा कालवा होता, आणि तिथं बसून तो पुरावा धूत होता.

पोचले तेव्हा चार वाजले होते. सगळं उरकलं होतं. माणसं नदीवरून परत येऊन ओल्या कपड्यांनी मांडवात बसली होती. विश्वजीत उठला नाही. ईश्वरने तोंड उघडलं, ट्रॅफिकचं काहीतरी त्याच्या जिभेवर आलंच होतं, पण विश्वजीतने हात वर केला.

"दीडपर्यंत थांबलो. भटजी घाई करत व्हता तरी थांबलो. आईनं आप्पांच्या उशाला मोबाईल लावला व्हता, त्यांला बारी बघायची व्हती म्हनून. तू न्हाईस तवा दुसऱ्या कुणाची तरी बघतील, म्हनली." त्याने मांडवात बसलेल्यांकडे बोट केलं. "मग सदतीस नंबर पुकारला आन् तुझं नाव घेतलं. ह्या समद्यांनी बघितलं."

ईश्वरच्या ओल्या केसांतून पाणी मानेवर ओघळत होतं.

"आता एवढंच सांग," विश्वजीत म्हणाला, "तुझं सुतक कवापासनं धरायचं? सकाळी नवापासनं, का बारी झाल्यापासनं?"

ईश्वरच्या कानांकडे तेव्हा कुणी बघितलं असतं तर ते लाल झालेले दिसले असते. तो तसाच आत गेला. आप्पांना जिथं ठेवलं होतं तिथं जमिनीवर पीठ पसरून त्यावर दिवा लावला होता, आणि भिंतीला टेकून साखरबाई बसली होती, त्याची चुलती. तिनेच त्याला पहिल्यांदा उसाच्या रसात मळलेली भाकरी करून घातली होती. तो तिच्या पायांवर डोकं ठेवून रडू लागला, चुकलं म्हणाला, काय वाटेल ते बोल म्हणाला. तिने शिव्या द्याव्यात, थोबाडीत मारावी, असं त्याला फार वाटत होतं. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि हाताकडे बघितलं. केसांच्या मुळाशी राहिलेला गुलाल तिच्या बोटांना लागला होता. तिने तो पदराला पुसला.

"गाडा सुटला आन् नेट गेलं," ती म्हणाली. "नुसतंच गोल गोल फिरत राहिलं. किती बसलं सेकंद?"

ईश्वरला वाटलं, आपण सांगू शकणार नाही. पण ती वाट बघत होती.

"अकरा सत्तेचाळीस."

साखरबाईने मान हलवली. मग दिव्याकडे वळून, आप्पांना ऐकायला कमी यायचं म्हणून ती नेहमी जेवढ्या मोठ्याने बोलायची तेवढ्याच मोठ्याने म्हणाली, "ऐकलं का? अकरा सत्तेचाळीस म्हनतोय."

बाहेर मांडवातही ते सगळ्यांना ऐकू गेलं.