रोझी

एबुन आत्यापुढे गुडघे टेकले की ती 'ऊठ' म्हणेपर्यंत उठायची सोय नव्हती. आमच्याकडे धाकट्या बायका थोरल्यांपुढे गुडघे टेकतात आणि थोरल्या 'ऊठ बाळ' म्हणतात, तसं सगळीकडेच आहे. पण आत्या मुद्दाम वेळ लावायची. आधी तुमची 'गेले' बघायची, म्हणजे डोक्याचं फडकं, नीट बांधलंय की नाही. मग तुमच्या नवऱ्याची चौकशी, मग गुडघे दुखायला लागले की "ऊठ, ऊठ, फरशी झिजेल!" लागोस बेटावरच्या आमच्या गल्लीत तिला सगळे टरकून असत. मी तिची सख्खी भाची, पण मीही.

तिचा रुबाब होता तो वडिलांच्या जोरावर. थिओफिलस पिअर्स, म्हणजे माझे आजोबा, आमच्या चर्चचे प्रचारक होते. दर वर्षी सुगीच्या उपासनेला आत्या उभी राहून त्यांची गोष्ट सांगायची. आजोबांनी गल्लीतल्या एका बाईच्या घरातून लाकडी मूर्ती कशी उचलली, फडक्यात गुंडाळून लोकांच्या झुंडीसमोर होडीतून खाडीत कशी भिरकावली, आणि पेपरात कसं छापून आलं. ती मूर्तीचं तोंड वेंगाडून दाखवायची, बुडताना बुडबुडे काढायची. अख्खं चर्च पोट धरून हसायचं. गोष्ट तीच, बुडबुडे तेच, तरी हसायचं.

खिडक्या उघड्या असत. बाहेर फाटकाशी केहिंदे चवळीची भजी तळत बसलेली असे. आत्याच्याच वयाची, काळी, काटक, फारशी न बोलणारी बाई. उपासना सुटली की आम्ही सगळे तिची गरम आकारा भजी जुन्या पेपरच्या तुकड्यात घेऊन फुंकर मारत खात असू. संध्याकाळी चूल विझवली की ती एक भजं फडक्यात बांधून खाडीवर जायची आणि पाण्यात सोडून यायची. रोज. कधी इथे, कधी तिथे.

"अगं केहिंदे, माशांना बाळसं आणतेस की काय?" आत्या गॅलरीतून ओरडायची.

"आणते, सिसी," केहिंदे म्हणायची आणि चालू लागायची. सिसी म्हणजे ताई; आत्याला सगळी गल्ली तेच म्हणे.

चर्चला शंभर वर्षं झाली तेव्हा एक पुस्तिका काढायचं ठरलं, आणि शाळेत शिकवते म्हणून ते झेंगट माझ्या गळ्यात पडलं. त्याच सुगीच्या रविवारी आत्याला 'इया इजो' करायचं होतं, म्हणजे चर्चची आई. याहून मोठा मान आमच्या बायकांना मिळत नाही. आत्यानं त्यासाठी अख्ख्या खानदानाला एकसारखं निळं लेसचं कापड घ्यायला लावलं होतं. "मोरेनिके," ती मला म्हणाली, "बाबांची ती बातमी शोध. पहिल्या पानावर टाक. ठळक!"

मी वाचनालयात गेले. जुन्या पेपरांची पानं हातात पापडासारखी मोडत होती. पण काय मजा होती त्यात! कुठल्या पाद्र्यानं दोन बायका असलेल्याला पुरायला नकार दिला, कुठल्या मशिदीत इमामावरून जुंपली, कुठल्या बाईच्या टोपीमुळे मागच्यांना वेदी दिसेना. सगळं शहर देवापायी भांडत होतं आणि आठवड्याला छापून येत होतं. १९११ सालच्या एका साप्ताहिकात आजोबाही सापडले. 'श्री. पिअर्स यांचे धाडस.' मी खूश होऊन उतरवून घेतलं.

पुढचे अंक चाळले ते निव्वळ चाळा म्हणून. त्यात पत्र होतं, निळीची रंगारीण अबेनी हिनं लिहिणाऱ्याकडून लिहून घेतलेलं.

'ती मूर्ती नव्हती. ती माझी तैवो आहे. जुळ्यांमधली एक. ती बाजारात गेली तेव्हा मी तिच्यासाठी हे लाकूड घडवून घेतलं. गालावर तीन रेघा, कमरेला निळे मणी, डाव्या पायाची बोटं चुलीत जळलेली. मी तिला रोज न्हाऊ घालते आणि तिची बहीण खाते ते भरवते. साहेबांनी तिला पाण्यात कुठे टाकलं, तेवढी जागा सांगावी. मी तिथे तिचं जेवण ठेवत जाईन.'

खाली संपादकानं एक ओळ जोडली होती: 'वाचकांची करमणूक व्हावी म्हणून छापत आहोत.'

आमच्यात जुळ्यातलं एक गेलं तर 'मेलं' म्हणत नाहीत. बाजारात गेलं म्हणतात. आणि अबेनी रंगारणीची राहिलेली मुलगी कोण, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. केहिंदे. पण माझं काळीज चरकलं ते त्याच्यामुळे नाही. चरकलं त्या जळक्या बोटांमुळे. ती बोटं माझ्या ओळखीची होती.

धावतच आत्याकडे गेले. तिनं पत्र ऐकलं, म्हणाली, "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं.

"असल्या बाहुल्या तेव्हा पैशाला पासरी होत्या," ती म्हणाली. पण आवाज तिचा नव्हता. उठून तिनं कपाट उघडलं आणि रोझीला बाहेर काढलं.

रोझी आमच्या घरची बाहुली. आत्या लहान असताना आजोबांनी तिला आणून दिली, आत्यानंतर आम्ही सगळ्या भाच्या तिच्याशी खेळलो. आमच्या घरात पियानो होता, इंग्रजी टेबलक्लॉथ होते, जुळ्यांची लाकडं कशी असतात हे कोणाला ठाऊक असणार? आत्यानं तिचा विणलेला फ्रॉक काढला. गालावर रेघा. कमरेला निळे मणी. डाव्या पायाला बोटं नाहीत.

म्हणजे त्या फडक्यातून खाडीत दुसरंच काहीतरी गेलं होतं, दगड नाहीतर ओंडका. आजोबांना टाकवलं नाही, की मुलीला फुकटात बाहुली मिळाली म्हणून आणली, ते त्यांचं त्यांना माहीत. पत्र त्यांनी वाचलं नसेल असं मात्र मला म्हणता येत नाही. पेपर आमच्या घरी येत असे.

"आम्ही हिची मयत-मयत खेळायचो गं," आत्या म्हणाली. "परसात पुरायचो. मी पाद्री व्हायची. मग उकरून काढायचो."

"मी हिला दोरी बांधून जिन्यावरून ओढलंय," मी म्हटलं. दोघी एकमेकींकडे बघेनात. लाज म्हणजे काय हे मला तोवर माहीतच नव्हतं. अंगावरची कातडी काढून कुठेतरी फेकून द्यावीशी वाटत होती.

"आणि ती जन्मभर खिडकीखाली बसून माझे बुडबुडे ऐकतेय," आत्या म्हणाली आणि तोंडावर पदर ओढावा तशी तिनं डोक्याची 'गेले' पुढे ओढली.

पाद्रीबुवांना सांगितलं, तर ते हात चोळत म्हणाले, "रविवार होऊन जाऊ द्या, सिसी. मानाचा दिवस आहे. नंतर शांतपणे बघू." मीसुद्धा तेच म्हटलं. "आत्या, अंधार पडल्यावर मी गुपचूप देऊन येते. कशाला चारचौघांत शोभा?"

"शोभा?" आत्या कडाडली. "उचलली ती भर उन्हात, सगळ्या गल्लीसमोर. आणि परत करायची चोरून? लाज कशी वाटत नाही तुला!" मग खाली बसली. "मलाच मेलीला वाटली नाही, तुला काय बोलू."

रविवारी चर्च निळ्या लेसनं भरून गेलं. पाद्रीबुवांनी नाव पुकारलं, ढोल वाजले, आणि आत्या मागच्या दारानं आली. निळं लेस नव्हतंच. साधं सुती नेसलेली, आणि तान्हं मूल बांधतात तशी पाठीला कापडानं रोझी बांधलेली. आमचीच निळी रांग आधी हसली. त्यांना वाटलं, यंदा म्हातारीनं सोंग आणलंय.

"बुडबुडे काढा, सिसी!" कोणीतरी ओरडलं.

"हसू नका," आत्या म्हणाली. "हसवलं मीच, आता मीच सांगते, हसू नका. माझ्या बापानं मूर्ती बुडवली नाही. एका आईची लेक चोरली आणि मला खेळायला दिली. तिनं पेपरातून विचारलं, कुठे टाकलीत, तिला जेवू घालायचंय. त्यावरही हे शहर हसलं." पाद्रीबुवा मानाची पट्टी हातात धरून उभे होते. आत्यानं त्यांच्याकडे पाठ केली आणि बाकांमधून चालत सरळ दाराबाहेर गेली.

आम्ही सगळे मागे. फाटकाशी केहिंदे झाऱ्यानं भजी उलटत होती. तिनं मान वर केली. आत्यानं पाठीवरची गाठ सोडली, दोन्ही हातांत ते लाकूड धरलं आणि त्या तेलकट मातीत, भजीवालीपुढे, गुडघे टेकले. आयुष्यात मी तिला पाद्र्यापुढेही इतकं वाकलेलं पाहिलं नव्हतं.

"माझ्याकडे होती," आत्या म्हणाली. "सगळा वेळ माझ्याकडेच होती."

केहिंदेनं झारा खाली ठेवला. हात पुसले, नीट पुसले, बोट न् बोट. मग लाकूड घेऊन त्याच्या जळक्या पायावरून अंगठा फिरवला. आत्याकडे तिनं पाहिलंच नाही.

"किती वेळ लावलास गं बाजारात," ती म्हणाली.

मग तैवोला मांडीवर घेऊन तिनं एक भजं मोडलं, फुंकर मारून निववलं आणि कण तिच्या ओठांना लावला. उरलेलं स्वतः खाल्लं. पुन्हा एक मोडलं. कढईतली भजी करपायला लागली, कोणी हललं नाही. मी पुढे होऊन आत्याच्या काखेत हात घातला, तिनं तो झटकून टाकला.

केहिंदेनं अजून 'ऊठ' म्हटलं नव्हतं.