बंद ठेवलेली वाट

लोंबकळणारी वायर दिसली की ऑफिसातल्या हिशेबनीस बाईंचे हात शिवशिवायचे. वायरचं एक टोक नेटवर्कच्या स्विचमध्ये, म्हणजे सगळे कॉम्प्युटर जोडणाऱ्या डब्यात, आधीच होतं; त्यांनी मोकळं टोकही त्याच स्विचमध्ये खोचलं; तोच तो निरोप गरगर फिरत राहिला आणि अख्खं नेटवर्क आडवं झालं.

नेटवर्कवाल्या ताईने कपाळाला हात लावला आणि स्विचवर स्पॅनिंग ट्री, म्हणजे निरोप गोल फिरवणारी वाट हेरून अडवणारी सोय, चालू केलं. आता एक वाट बंद. पण तोडलेली नाही, दुसरी तुटली की उघडणारी.

ताईच्या घरीही सासूबाईंचं गाऱ्हाणं जाऊबाईंकडून नणंदेकडे जायचं आणि तिखटमीठ लावून पुन्हा सासूबाईंकडे यायचं. ताई सगळं ऐकायची, पुढे सांगायची नाही. "घुमी मेली!" सगळ्या म्हणायच्या.

मग सासूबाई आणि जाऊबाईंनी अबोला धरला, तेव्हा घुमीने तोंड उघडलं, "जाऊबाई, उशिरा येता तेव्हा तुमचं ताट कोण झाकून ठेवतं? आईच!"